पिंपात मुरलेली बिअर

मस्कतजवळच्या अल खौदमध्ये जून महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. सुलतान काबूस विद्यापीठाच्या या उपनगरात घरी बिअर बनवून ती मोठ्या केगमध्ये, म्हणजे बंद पिंपात, मुरवायची म्हटली, तर कायदा आधी आडवा येतो. ओमानमध्ये मुस्लिमेतर रहिवाशांना परवाना काढून मद्य विकत घेता येते, पण परवान्याशिवाय ते बनवणे हा गुन्हा आहे. मात्र उष्ण हवेत बिअर टिकते का, आणि टिकली तर सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी अरबी समुद्रातूनच मुंबई बंदरात उतरत होते.

लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन घराण्याची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लागत ती ब्लॅकवॉलची गोदी तिथून जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या खासगी व्यापारासाठी तिथली बिअर घेत आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाची उधारी देत. ही पेल एल ओकच्या पिंपांतून निघे. हॉग्जहेड या मोठ्या पिंपात ५४ गॅलन, म्हणजे सुमारे २४५ लिटर बिअर मावे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोहोचे. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या कंपन्यांनी हॉजसनची मक्तेदारी मोडली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्याने हॉप्सच्या फुलांचा कडूपणा तिथल्या बिअरमध्ये अधिक स्वच्छ उतरे.

ही बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही लोकप्रिय गोष्ट खरी नाही. इंग्लंडमध्ये ‘ऑक्टोबर बिअर’ आधीपासून वर्ष-दोन वर्षे तळघरात मुरवली जात होतीच. जहाजाच्या पोटातल्या उबेने तेच काम काही महिन्यांत केले.

बिअर का नासली नाही, याची कारणे मला या इतिहासाहून महत्त्वाची वाटतात, कारण आजच्या केगलाही तीच लागू आहेत. बिअर बिघडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना हॉप्स रोखतात, म्हणून या बिअरमध्ये ते भरपूर असत. पिंपात वरून आणखी टाकले जात. बिअर पूर्ण आंबवलेली असे, त्यामुळे जंतूंना खायला साखर फारशी उरत नसे. शिवाय ती जिवंत होती. लाकडातून झिरपणारा थोडा ऑक्सिजन आतले यीस्ट वापरून टाकी. त्यातलेच एक, ब्रेटॅनोमायसिस, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन या संशोधकाने १९०४ मध्ये इंग्लिश मुरलेल्या बिअरमधून ओळखले. साध्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा ते हळूहळू पचवते. मुरलेल्या एलचा खास वास त्याचाच.

मोठ्या पिंपाचा फायदा भूमितीचा आहे. त्याच आकाराच्या १९ लिटरच्या भांड्याच्या तुलनेत २४५ लिटरच्या पिंपात दर लिटरमागे भिंत निम्म्याहून कमी येते. म्हणून ऑक्सिजनही कमी शिरतो आणि तापमानही सावकाश बदलते. पण मोठेपणाच्या हव्यासाची किंमतही लंडनने मोजली आहे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या ब्रुअरीत पोर्टर ही गडद बिअर मुरवण्याची २२ फूट उंच टाकी फुटली आणि त्या लोंढ्यात आठ जणांचा बळी गेला.

आजचा स्टीलचा केग हवा आत येऊ देत नाही. घरगुती ब्रुअर मंडळींचा आवडता १९ लिटरचा कॉर्नी केग मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी बनला होता. त्याची दुखरी जागा म्हणजे झाकणाचे रबर आणि बिअरच्या वर राहणारी पोकळी. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर चांगल्या ब्रुअऱ्या एका लिटर बिअरमध्ये ०.१ मिलिग्रॅमहून कमी ऑक्सिजन राहावा यासाठी झटतात. म्हणजे अर्धवट भरलेला मोठा केग हा छोट्या भरलेल्या केगपेक्षा कितीतरी वाईट. केग निर्जंतुक पाण्याने काठोकाठ भरावा, ते पाणी कार्बन डायऑक्साइडने ढकलून बाहेर काढावे आणि मगच बिअर भरावी. एवढी काळजी घेतली नाही, तर काही महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याचा वास ठरलेला.

उष्णतेचा हिशेब त्याहून कठोर आहे. या धंद्यातला एक ढोबळ आडाखा असा: ३२ अंश सेल्सियसला तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस ठेवलेली बिअर सारखीच शिळी होते. अल खौदच्या किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवलेल्या केगचे भवितव्य यावरून कळावे. म्हणून पिल्सनर, गव्हाची बिअर आणि आजची सुगंधी आयपीए (इंडिया पेल एल) ताजीच प्यावी. मुरवायची ती ८ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली बार्लीवाइन, इम्पीरियल स्टाउट किंवा मुद्दाम आंबट केलेली बिअर, आणि तीही १२ ते १५ अंशांच्या स्थिर गारव्यात. वर्षभराने स्टाउटचा उग्रपणा बसतो, मनुका-खजुराची चव वर येते.

घरी हे करणे सगळीकडे निषिद्ध नाही. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरचे परवान्याचे बंधन काढले. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. तिथल्या मराठी वाचकांनी आपल्या राज्याचा नियम पाहून एक केग वर्षभर जरूर राखून ठेवावा. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही.