चिकनगुनियाचा ताप गेला, मग सांधे महिनोन्‌महिने का दुखतात?

ताप जाऊन दीड महिना झालेला असतो. तरी सकाळी अंथरुणातून उठताना घोट्यांत कळ येते, चहाचा कप धरताना बोटं आखडतात. घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आलाय, आता काय झालं?" आळंदी-चाकण पट्ट्यात अनेकांना आठ-आठ तास लाइनवर उभं राहून काम करावं लागतं. तिथे हे दुखणं थेट पगाराला भिडतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे परिसरात चिकनगुनियाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा अनेक घरांनी हे अनुभवलं.

नावातच दुखणं

हा आजार १९५२ मध्ये आजच्या टांझानियात पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्या माकोंडे भाषेत 'चिकनगुनिया' म्हणजे वाकवून टाकणारा. महाराष्ट्रालाही तो नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर बरीच वर्षं तो फारसा दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये पुन्हा पसरला.

ताप गेल्यावरही त्रास का?

विषाणू रक्तातून साधारण आठवड्याभरात नाहीसा होतो. पण सांध्यांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज लगेच उतरत नाही, कारण शरीराची प्रतिकारशक्ती तिथे लढतच राहते. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. काहींचं दुखणं मात्र तीन महिन्यांपुढे जातं, क्वचित वर्षभरही रेंगाळतं. चाळिशी ओलांडलेल्यांना, स्त्रियांना आणि आधीपासून संधिवात असलेल्यांना हा धोका जास्त असतो. म्हणजे हे ढोंग नाही आणि आळसही नाही.

काय करावं?

- सुरुवातीच्या तापात फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.
- मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड घेऊ नका.
- सांधे पूर्ण बंद ठेवू नका. पूर्ण विश्रांतीने ते आणखी आखडतात. कोमट शेक घ्या, बोटं-मनगटं-घोटे हलके फिरवा, थोडं चाला.
- तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी वेगळी औषधं असतात.
- झोप उडाली, मन उदास राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगा. सततच्या दुखण्याचा तो भाग असू शकतो.

बेताने, पण रोज

एखाद्या दिवशी बरं वाटलं की साचलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढायचे, ही चूक बरेच जण करतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी एका दमात कापत नाहीत. रोजचा टप्पा आणि मुक्काम ठरलेला असतो. बरं होण्याचंही तसंच. कामाचे तुकडे पाडा, मध्ये बसा, शक्य असेल तर काही आठवडे बसून करायचं काम मागून घ्या. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते.

घरात पुढचा रुग्ण नको

चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी दिवसाआड येणाऱ्या घरात पिंप भरून ठेवावंच लागतं. मग ते झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात.

आणि घरात कुणी "अजून दुखतंय" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.