सायलेन्सरचा नाद

मराठीत ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे छंद. छंद हाताबाहेर गेला की त्यालाच आपण खूळ म्हणतो. मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून तिचा आवाज ‘दमदार’ करून घेण्याची जी हौस नौपाड्यात गोखले रोडवर आपल्या कानी पडते, तिच्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. या हौसेला नुसती नावे ठेवून भागणार नाही. तो आवाज कोठून उत्पन्न होतो आणि सायलेन्सरमधील फेरफाराने नेमके काय साधते, हे आधी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जळते. जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट उघडताच मोठ्या दाबाने नळीत घुसतो. असा प्रत्येक लोट म्हणजे एक ठोका. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठोका पडतो. १९५५ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कारखान्याची बुलेट घ्या. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साडेसातच ठोके होतात. ते कानाला सुटे ऐकू येतात, म्हणून बुलेट ‘धडधडते’. उलट १९८५ साली भारतात आलेली यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक गाडी; तिच्यात दर फेऱ्याला एक ठोका. मिनिटाला ६,००० फेरे झाले की सेकंदाला शंभर ठोके होतात आणि त्यांचा एक सलग सूर बनतो. तेव्हा आवाजाची जात इंजिन ठरवते; सायलेन्सर तिला वळण लावतो.

हे वळण दोन प्रकारे लावता येते. एक, नळीत पडदे, कप्पे आणि जाळी घालून ध्वनीच्या लहरी मागे परतवायच्या व एकमेकींवर आदळवून दुबळ्या करायच्या. दोन, भोके पाडलेल्या नळीभोवती काचलोकर भरून लहरींची शक्ती तिच्यात जिरवायची. काचलोकर तीव्र, कर्कश स्वर विशेष जिरवते. खर्ज बराचसा तसाच राहतो.

गॅरेजात ‘आवाज काढायचा’ म्हणजे बहुधा हे पडदे कापायचे, जाळी काढायची किंवा सरळ नळी बसवायची. त्याने खर्ज वाढण्याऐवजी आजवर अडलेला कर्कशपणाच अधिक बाहेर पडतो. शिवाय, वायू मोकळा सुटला की गाडीची ताकद वाढते, असा समज आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातील वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात टू-स्ट्रोक शर्यतीच्या गाड्यांसाठी मध्ये फुगीर व पुढे निमुळती नळी विकसित केली. निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लहर, नळीत निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. येथे सारा खेळ वेळेचा आहे. अंदाजाने कापलेली नळी ती वेळ चुकवते. मग आवाज वाढतो आणि ओढ घटते. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक निकासमार्गातच असतो. सबंध नळी बदलताना तो निघून गेला, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रमाणात बाहेर पडतो.

‘फटाके’ फोडण्याची युक्तीही अशीच. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद केली की न जळलेले मिश्रण तापल्या नळीत साठते. किल्ली पुन्हा सुरू करताच ते तेथेच भडकते. ते पेट्रोल गाडी ओढण्याच्या कामी आलेले नसते.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. डेसिबलचे माप साध्या बेरजेने चालत नाही. ८० चे ९० झाले की ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. परंतु दुतर्फा इमारतींच्या रस्त्यावर तो भिंतींवरून परततो आणि तितका उतरत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे; रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिमर्यादा मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल दिला. तिचा रोख ध्वनिक्षेपक आणि उत्सवांतील गोंगाट यांकडे होता. परंतु शांततेसाठी नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येते, हे तिने दाखवले.

मग चांगल्या आवाजाची हौस सोडूनच द्यावी काय? आमचे मत तसे नाही. नळीच्या सांध्यातील फुटके गॅस्केट बदलावे, सैल झालेले पत्रे आवळावेत, टू-स्ट्रोकच्या जाळीवर साचलेली काजळी साफ करावी, जेथे काचलोकर असते तेथे ती जुनी झाल्यास नवी भरावी. एवढ्याने फुसफुस आणि खडखड जाते व इंजिनाचा मूळ ठोका स्वच्छ ऐकू येतो. गाडीचा कान असलेला मिस्त्री हेच करतो. अशी गाडी रात्री अकरा वाजता गल्लीत शिरली, तर स्वाराला तिचा खर्ज ऐकू येतो आणि वरच्या मजल्यावरचे आजारी माणूस दचकून उठत नाही.