पाय धुणारा गुरू आणि चौपाटीवरचे शारदा सदन

ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये एक आगळा विधी होतो. धर्मगुरू बाहेरचे वस्त्र उतरवून कमरेला टॉवेल बांधतात आणि समोर बसलेल्या सामान्य भाविकांचे पाय धुतात. गिरगावचे सेंट तेरेसा असो वा दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’, त्या संध्याकाळी व्यासपीठावरचा माणूस गुडघ्यांवर येतो.

योहानाच्या शुभवर्तमानानुसार अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले. धुळीच्या वाटेने आलेल्यांचे पाय धुणे हे तेव्हा दासाचे काम होते. म्हणूनच पेत्राने आधी नकार दिला. येशू मात्र आपले गुरुपद नाकारत नाही. गुरू असूनही तो वाकतो. ख्रिस्ती धर्मातील नम्रतेचा अर्थ हाच आहे. या विधीसाठी पूर्वी केवळ पुरुषांची निवड करण्याचा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये तो बदलून स्त्रियांनाही स्थान दिले.

ही शिकवण आचरणात कशी उतरते, याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासातच आहे. संस्कृतच्या व्यासंगामुळे १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे इंग्लंडमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या आणि त्या प्रभावित झाल्या. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मार्च १८८९ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदन १८९० मध्ये पुण्याला गेले आणि तेथे वादळ उठले. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ही सेवा की धर्मप्रसार, असा सवाल उभा राहिला. १८९३ मध्ये हिंदू सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो गैरलागू नाही. ज्याला आधाराची गरज आहे, त्याला नकार देणे सोपे नसते. सदनात राहूनही आनंदीबाई हिंदूच राहिल्या, हेही तितकेच खरे. केडगावचे मुक्ती मिशन मात्र उघडपणे ख्रिस्ती होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी स्वतः मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना तेथे आणले.

त्यांच्या नम्रतेची खूण अखेरच्या कामात दिसते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतवर प्रभुत्व असूनही त्यांनी जड शब्द कटाक्षाने टाळले. अल्पशिक्षित बाईला ते वाचता यावे, हा हेतू होता. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे काम पूर्ण झाले होते.

पाय धुण्याच्या विधीत सेवा घेणारा आसनावर असतो आणि देणारा जमिनीवर. रमाबाईंनी आपली विद्वत्ताही अशीच जमिनीवर उतरवली.