चार सिलिंडर, तीन भोकं!



आजोबांच्या जुन्या ॲम्बॅसेडरचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग, तडकला. वेल्डिंग टिकेना. आजोबा गाडी विकायचं म्हणू लागले. मग मीच पाइपचा मॅनिफोल्ड करायचं ठरवलं. ऐटीत चार पाइपांचं ड्रॉइंग काढलं. बॉनेट उघडून पाहतो तर हेडला एक्झॉस्टची भोकं तीनच!

हे १४८९ सीसीचं ब्रिटिश बी-सिरीज इंजिन. यात मधलं भोक २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरला सामाईक असतं. मला ही कंजुषी वाटली. पण फायरिंग ऑर्डर आहे १-३-४-२. म्हणजे २ आणि ३ मध्ये क्रँकचा एक पूर्ण फेरा, ३६० अंशांचं अंतर. धूर एकमेकांना आडवा येत नाही. १ आणि ४ चंही तसंच! म्हणून कडेचे दोन पाइप आधी जोडायचे आणि मधला लांब ठेवून पुढे त्यांना मिळवायचा.

पहिल्यांदा फ्लँज मोकळी ठेवून वेल्ड केली. तापून वाकली आणि पॅकिंग उडालं. दुसऱ्यांदा ती जाड प्लेटला बोल्टने आवळली, थंड होईपर्यंत सोडली नाही. कार्बोरेटर त्याच बाजूला असल्याने मध्ये पत्राही लावला.

आजोबांनी गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पास!"

एम-थ्रीची केटी अजून त्यांना सांगितलेली नाही.