तापाची मजुरी कोणी भरायची?

अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ अशी एक संज्ञा आहे. व्यवहार दोघांचा, आणि त्याची झळ किंवा लाभ मात्र तिसऱ्याला, एवढाच तिचा अर्थ. इंग्रज अर्थपंडित पिगू यांनी १९२० साली हा विचार ग्रंथात सविस्तर मांडला. गिरणीच्या धुराड्याखाली राहणाऱ्यांना तो ग्रंथाविना ठाऊक होता.

साथीत हा तिसरा म्हणजे सारे गाव. २०२० च्या कोरोनाचेच पाहा. रोजंदारीच्या माणसाला ताप आला. घरी बसावे तर मजुरी त्याची एकट्याची बुडते. कामावर जावे तर मजुरी मिळते आणि रोग शेजाऱ्याच्या घरी जातो. घरी बसण्याचा लाभ सर्वांना, खर्च एकाला! मग तो ताप लपवतो. त्याला बेजबाबदार म्हणणारे बहुधा पगारी रजेवर असतात.

१९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा योजनेत आजारपणी मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. वर्गणी मालक आणि कामगार दोघांची. पण नाक्यावरचा बिगारी, घरकाम करणारी बाई यांच्यापर्यंत ती सहसा पोचत नाही. यांना एकच मालक नाही, असे कारण सांगतात. अहो, हमालांना तरी कुठे होता? १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, मालकांवर मजुरीखेरीज लेव्ही बसवली, आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, पगारी सुट्टी मिळू लागली. आजारपणाची रजा याच वाटेने का येऊ नये, असे आम्ही सभेतील आपणां गृहस्थांनाही विचारतो. अंगात ताप असलेल्या बाईने भांडी घासायला येऊ नये, ही गरज आपलीही आहे.