३७७ नंतरची वर्दी

६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमावरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढले. नालासोपाऱ्यात एका खोलीचं भाडं वाटून घेणाऱ्या, शेजाऱ्यांना ‘गाववाला आहे’ असं सांगणाऱ्या दोघांना कायद्याची भीती तरी उरली नाही. पण याच वस्त्यांमधून भरतीसाठी पहाटे धावायला जाणाऱ्या समलिंगी मुलाच्या पदरात त्या निकालाने काय टाकलं? मागे वळून पाहिलं की चीड येते.

निकालाला चार महिने होतात न होतात, तोच १० जानेवारी २०१९ ला लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की सैन्य परंपरा मानणारं आहे, तिथे हे चालणार नाही. कायदा त्यांच्या हाताशी होता. घटनेचं ३३वं कलम सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याची मुभा संसदेला देतं आणि १९५० च्या सेना कायद्यातलं ४६वं कलम ‘अनैसर्गिक’ लज्जास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद ठेवतं. अनैसर्गिक म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. म्हणजे मुलगा भरती होऊ शकतो, सीमेवर उभा राहू शकतो. फक्त सुट्टीत कोणाला भेटायला जातो हे त्याने आयुष्यभर गिळून टाकायचं. असं गुपित हेरणाऱ्याला त्या जवानाला धमकावणं सोपं जातं, याचा विचार सुरक्षेची काळजी वाहणाऱ्यांनी तरी करायला हवा होता.

सैन्य सोडलेल्या मेजर जे. सुरेश यांनी २०२० मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे लिहिलं. नोकरीत असताना त्यांना ते बोलता आलं नाही. त्यांच्यावरून सुचलेली कथा दिग्दर्शक ओनिर यांना पडद्यावर आणायची होती. २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने संहितेला परवानगी नाकारली. खरा जवान बोलू शकत नाही आणि गोष्टीतलाही नाही.

जवान स्वीकारणार नाहीत, हा युक्तिवाद आपण आधीही ऐकला आहे. खेड्यातून आलेले जवान स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असं सरकारने न्यायालयात मांडलं होतं. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी ते फेटाळलं. पुढे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) दरवाजे मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. सैन्याची शिस्त मोडली नाही.

ब्रिटनने तर सैन्यातली समलिंगींवरची बंदी २००० सालीच उठवली, आणि त्याआधी ज्यांना हाकललं होतं त्यांची २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. इतकं लांब जायलाही नको. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर महाराष्ट्राने पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी वाट काढली. तो प्रश्न वेगळा, पण वर्दीचाच.

१ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७ पुस्तकातूनच गेलं. सेना कायद्यातलं ४६वं कलम आहे तसंच आहे. ते बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. संसदेत साधं बहुमत पुरतं. आमच्या पालघरच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, एवढी मागणी नालासोपाऱ्याचा मतदार म्हणून मी करतो.