चौपाटीच्या पाण्यातले जंतू कसे मोजतात आणि तो आकडा कसा वाचायचा?

पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्या झालेली मुले दवाखान्यात वाढतात. विचारल्यावर कधी कधी कळते की दोन-तीन दिवसांपूर्वी सगळे चौपाटीवर जाऊन मनसोक्त डुंबून आले होते. एका मुलाचे वडील मला म्हणाले, "पण डॉक्टर, पाण्याचा रिपोर्ट तर चांगला होता." रिपोर्ट खोटा नव्हता. मात्र ज्या पाण्याचा तो रिपोर्ट होता, त्या पाण्यात त्यांचा मुलगा खेळलाच नव्हता. हे कसे, ते समजून घेण्यासाठी तपासणी कशी होते ते पाहू.

नेमके काय मोजतात?

टायफॉइड, कॉलरा, कावीळ अशा प्रत्येक आजाराचा जंतू पाण्यात वेगवेगळा शोधणे फार खर्चाचे आणि वेळखाऊ आहे. म्हणून माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात नेहमी राहणारे जंतू शोधले जातात. त्यांना फिकल कोलिफॉर्म म्हणतात, ई. कोलाय हा त्यातलाच. यातले बहुतेक स्वतः आजार करत नाहीत. पण ते पाण्यात सापडले, म्हणजे तिथे मैला पोहोचला आहे, आणि मैल्यातून येणारे इतर जंतूही सोबत आलेले असू शकतात.

निर्जंतुक बाटलीत पृष्ठभागाच्या थोडे खालचे पाणी घेतात, बाटली बर्फात ठेवतात आणि शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवतात. ही घाई हवीच, कारण बाटली उन्हात राहिली तर जंतू मरतील किंवा वाढतील आणि आकडा बिघडेल.

पुढची पद्धत जुनी, पण गमतीची आहे. लॅक्टोज साखर घातलेल्या द्रावणाच्या पंधरा परीक्षानळ्या घेतात. पाच नळ्यांत १० मिली, पाचांत १ मिली आणि पाचांत ०.१ मिली पाणी घालून त्या उबेत ठेवतात. कोलिफॉर्म असतील तर ते साखर आंबवतात आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा जमतो. बुडबुडे आलेल्या नळ्यांतले जंतू मैल्याचेच आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांना ४४.५ अंशांच्या आसपास पुन्हा वाढवतात. शेवटी किती नळ्यांत बुडबुडा आला यावरून तक्त्यात आकडा पाहतात. फक्त १० मिलीच्या पाचही नळ्यांत आला, तर १०० मिलीमागे २३. म्हणजे जंतू एक एक करून मोजलेले नसतात, हा अंदाज असतो. म्हणूनच त्याला एमपीएन, म्हणजे 'सर्वाधिक संभाव्य संख्या', म्हणतात.

यात एक मेख आहे. पंधराही नळ्यांत बुडबुडा आला तर उत्तर येते '१६०० पेक्षा जास्त'. ते १७०० असेल किंवा १ लाख. नमुना आणखी पातळ करून तपासल्याशिवाय कळत नाही.

किती म्हणजे ठीक?

समुद्रात पोहण्यासाठी आपल्याकडे १०० मिलीमागे १०० फिकल कोलिफॉर्म हे मानक आहे. नदी-तलावात आंघोळीसाठी ५०० पर्यंत असावेत, आणि कमाल मर्यादा २५००. अमेरिकेत समुद्रासाठी एन्टेरोकॉकस हा वेगळा जंतू मोजतात, कारण खाऱ्या पाण्यात तो कोलिफॉर्मपेक्षा जास्त टिकतो. मला ही निवड अधिक शहाणपणाची वाटते: कोलिफॉर्म कडक ऊन आणि मिठाने लवकर मरतात, पण मैल्यातले काही विषाणू त्यांच्यानंतरही तग धरतात.

आता त्या वडिलांच्या रिपोर्टकडे येऊ. नळ्या उबवून, खात्री करून उत्तर मिळायला दोन ते चार दिवस जातात. तेवढ्यात भरती-ओहोटी अनेकदा होऊन गेलेली असते. जुहू, गिरगाव, वर्सोवा अशा किनाऱ्यांचे पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक काळाने तपासते, रोज नाही. मधल्या काळात एक जोरदार सर आली की नाले, गटारे भरून थेट समुद्रात येतात. त्यांचा मुलगा अशाच सरीच्या दुसऱ्या दिवशी, नाल्याच्या तोंडाजवळ खेळला होता. रिपोर्ट त्या पावसाच्या आधीचा होता.

म्हणून आकड्याआधी तारीख पाहा, आणि नमुना कुठून घेतला तेही. जोरदार पावसानंतर तीन दिवस पाण्यात उतरू नका, रिपोर्ट कितीही चांगला असो. नाला किंवा खाडीच्या तोंडापासून लांब राहा. ओल्या वाळूतही हे जंतू टिकतात, त्यामुळे किल्ले बांधून झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुऊन मगच भेळ.

काही धोके या तपासणीत दिसतच नाहीत. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू नैसर्गिकपणेच असतो, त्याचा मैल्याशी संबंध नाही. यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल आणि पायाला उघडी जखम असेल, तर समुद्रात जाऊ नका. तलावात पाण्यावर हिरवा, रंगासारखा तवंग दिसला तर तिथे मुलांना आणि कुत्र्यालाही उतरू देऊ नका. साचलेल्या पुराच्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वेगळा. त्यासाठी ताप येण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना विचारा.

पोहून आल्यावर जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा. शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल झाले तर त्याच दिवशी दाखवा. जखमेभोवतीची लाली काही तासांत पसरत असेल, फोड येत असतील किंवा दुखणे असह्य असेल तर थेट रुग्णालय गाठा आणि समुद्राच्या पाण्यात गेला होतात हे स्वतःहून सांगा. आम्ही ते विचारायचे विसरू शकतो.